मूळ पाप आणि बालकाचा बाप्तिस्मा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी तो सांगितला आणि ते क्षणभर गप्प राहिले. मुस्लिम शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर ख्रिस्ती धर्मातील हा विषय कशासाठी, असे त्यांना वाटले असावे. आपल्याही मनात तोच प्रश्न असेल. म्हणून आधी कारण सांगतो.

आपल्या शाळेत शिकलेली एक मुलगी परिचारिका झाली. सुटीत घरी आली असता ती मला भेटायला आली. तिच्या रात्रपाळीत एक कॅथलिक ख्रिस्ती बाई सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. बाळ वाचण्याची आशा डॉक्टरांनी सोडली होती. ती आई स्वतःच्या वेदना विसरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "सिस्टर, फादरना बोलवा. बाळाच्या डोक्यावर पाणी पडू द्या." फोन केला, फादर निघालेही, पण ते येण्यापूर्वीच बाळ गेले. बाळाची आजी बाहेर बाकावर जपमाळ हातात घेऊन बसली होती. नियमाप्रमाणे तिला आत सोडलेले नव्हते. हे सारे सांगून त्या मुलीने मला विचारले, "सर, ती बाई एवढी कशाला घाबरली होती? त्या तान्ह्या जिवाने कोणते पाप केले होते?"

आजचे व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी बोलताना तिचे वर्णन त्यालाही मान्य होईल असे असावे, हा दंडक मी पाळणार आहे.

प्रारंभ हजरत आदमपासून करू, कारण तो आपला आणि ख्रिस्ती बांधवांचा सामाईक पूर्वज. निषिद्ध झाडाची हकीगत दोघांकडेही आहे. आपल्या श्रद्धेप्रमाणे आदम व हव्वा चुकले, पस्तावले आणि अल्लाहने त्यांची तौबा कबूल केली. तो हिशेब तेथेच मिटला. एकाच्या गुन्ह्याचा भार दुसऱ्यावर पडत नाही आणि प्रत्येक मूल निर्मळ फितरतीवर जन्मते, असे आपण मानतो. म्हणून बाळ जन्मले की आपण त्याच्या कानात अजान देतो. ते त्याचे स्वागत असते, शुद्धीकरण नव्हे.

ख्रिस्ती विचार येथे वेगळी वाट धरतो. आदमच्या आज्ञाभंगाने मनुष्यजातीचा ईश्वराशी असलेला मूळचा सलोखा तुटला, मृत्यू जगात आला आणि माणसाचे मन वाईटाकडे झुकते झाले, असे तो सांगतो. याचा आधार संत पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. या तुटलेल्या अवस्थेला 'मूळ पाप' म्हणतात. येथे आपला नेहमी गैरसमज होतो. बाळाने स्वतः काही गुन्हा केला, असे ख्रिस्ती धर्म म्हणत नाही. बापाने वतन घालवले, तर मुले बिनवतनाची जन्मतात. पण त्यांनी कोणाची चोरी केलेली नसते. तसेच हे आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही हे स्पष्ट केले आहे की, मूळ पाप हे माणसाला वारशाने मिळते, ते त्याने केलेले नसते.

ही तुटलेली सोयरीक पुन्हा जोडणारा संस्कार म्हणजे बाप्तिस्मा. पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही नावे घेऊन बाळाच्या मस्तकावर तीन वेळा पाणी घालतात, किंवा त्याला पाण्यात बुडवून काढतात. कॅथलिक विधीत पवित्र तेलाचे लेपन होते, शुभ्र वस्त्र देतात आणि मेणबत्ती पेटवतात. बाळाला बोलता येत नसते, म्हणून आईबाप व धर्ममातापिता त्याच्या वतीने श्रद्धा प्रकट करतात.

वाचकहो, ख्रिस्ती जगात या प्रश्नावर सुरुवातीपासून एकमत होते, असे मात्र समजू नका. इसवी सन २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा तर्तुलियन हा विद्वान विचारीत होता की, ज्या वयात पाप ठाऊकच नाही, त्या वयात एवढी घाई कशाला? पुढे सुमारे २५३ साली त्याच कार्थेजमध्ये ६६ बिशप जमले. एका बिशपचे म्हणणे होते की, सुंतेप्रमाणे आठव्या दिवसापर्यंत थांबावे. सभेने निर्णय दिला की, थांबण्याचे कारण नाही. सुंता आणि बाप्तिस्मा यांची ही तुलना आपल्याला विचार करायला लावणारी आहे. दोन्हीकडे मुलाची संमती विचारलेली नसते. आपल्या घरात, आपल्या उम्मतीत ते आले, ही खूण त्याच्या देहावर किंवा मस्तकावर केली जाते.

मूळ पापाच्या विचाराला पक्के रूप दिले ते संत ऑगस्टीन यांनी. ते ३५४ साली जन्मले आणि हिप्पो येथे बिशप झाले. ते गाव म्हणजे आजच्या अल्जीरियातील अन्नाबा. नवलाची गोष्ट अशी की, खुद्द त्यांना बालपणी बाप्तिस्मा मिळाला नव्हता. लहानपणी आजारी पडले तेव्हा तो द्यायचे ठरले. बरे वाटताच बेत पुढे ढकलला गेला. अखेर ३८७ साली मिलान येथे मोठेपणी त्यांनी तो घेतला. त्याच काळात पेलागियस नावाचा ब्रिटनकडील तपस्वी शिकवीत होता की, आदमचे पाप आदमपुरते. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने सदाचारी होऊ शकतो. ऑगस्टीन यांनी त्याला कसून विरोध केला. त्यांचा एक मुद्दा मोठा मार्मिक होता: मुळात दोषच नसेल, तर चर्च बाळांना बाप्तिस्मा देते तरी कशासाठी? म्हणजे रूढी आधीपासून होती. तिच्यावरून सिद्धान्ताला पुरावा मिळाला. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसच्या मताविरुद्ध निर्णय दिला.

परंतु या विजयाची किंमत आयांना मोजावी लागली. बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या बाळाचे काय होते? ऑगस्टीन यांचे उत्तर होते की, त्याला शिक्षा होते, पण सर्वांत सौम्य. मध्ययुगातील पंडितांना हेही कठोर वाटले. त्यांनी 'लिंबो' नावाची कल्पना मांडली. तेथे यातना नाहीत, परंतु ईश्वराचे दर्शनही नाही. आयर्लंडमध्ये अशा बाळांना पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा मिळत नसे. शेताच्या कडेला किंवा पडक्या चर्चच्या आवारात त्यांना पुरत. विसाव्या शतकातही तसे घडत होते. आपल्या परिचारिकेने त्या आईच्या डोळ्यांत पाहिलेली भीती दीड हजार वर्षांची होती.

सर्वच ख्रिस्ती मात्र या वाटेने गेले नाहीत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च मानते की, आदमकडून आपल्याला मृत्यू व दुर्बलता मिळाली, अपराध मिळाला नाही. तरीही ते तान्ह्यांना बाप्तिस्मा देते. युरोपात धर्मसुधारणेच्या काळी ल्यूथर व कॅल्व्हिन यांनी बालबाप्तिस्मा कायम ठेवला. पण १५२५ साली झुरिकमध्ये काही मंडळींनी, श्रद्धा समजून कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा, असे म्हणून एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. १५२७ च्या जानेवारीत त्यांच्यातील फेलिक्स मान्झ याला लिमात नदीत बुडवून मारण्यात आले. पाण्याच्या संस्कारावरील वाद पाण्यातच मृत्युदंड देण्यापर्यंत गेला.

याच प्रश्नाचा दुसरा शेवट आपल्या महाराष्ट्रात पाहायला मिळतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत बालकांना बाप्तिस्मा देणारे होते, तसे केवळ प्रौढांना देणारे बॅप्टिस्टही होते. त्यांनी दोन्ही पद्धती एकाच छपराखाली मान्य केल्या. मतभेद मिटला नाही, पण त्यापायी कोणी कोणाला बाहेर काढले नाही. आपल्या जमातीतील लहानसहान वाद पाहता हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कॅथलिक चर्चचाही सूर पालटला. १९६९ साली आलेल्या नव्या अंत्यविधीत, आईबापांची बाप्तिस्म्याची इच्छा असताना आधीच निवर्तलेल्या बाळासाठी धर्मविधीची सोय झाली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने अशा बाळांना ईश्वराच्या दयेवर सोपवले. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने आंतरराष्ट्रीय धर्मविचार आयोगाचा एक दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्यात म्हटले आहे की, अशा बाळांना तारण मिळेल, अशी आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत. लिंबो हा श्रद्धेचा बंधनकारक भाग कधीच नव्हता, हेही त्यात सांगितले आहे. बाप्तिस्म्याचे महत्त्व तसेच राहिले. भीतीची जागा मात्र आशेने घेतली.

आता त्या मुलीकडे परत येतो. मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून ती रडली. कॅथलिक नियमाप्रमाणे प्राणसंकटात फादर हवेतच असे नाही. योग्य हेतू असेल, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. देणारा स्वतः ख्रिस्ती नसला तरीही चालते. ती म्हणाली, "म्हणजे मीही देऊ शकले असते?" मी म्हटले, "बेटा, ते शब्द आपल्या अकीद्याचे नाहीत. ते तू उच्चारायला हवे होतेस, असे मी म्हणणार नाही. पण बाळाची आजी दाराबाहेर बसली होती. तिला पाच मिनिटे आत घ्यायचे आणि तिच्या हातात वाटीभर पाणी द्यायचे, एवढेच पुरे होते."

तिचा यात दोष नव्हता. तिला कोणी शिकवलेच नव्हते. दोष असेल, तर तो आम्हा शिक्षकांचा. आम्ही तिला शरीरशास्त्र शिकवले, पण शेजारच्या खाटेवरील बाई कोणत्या श्रद्धेने जगते आणि कोणत्या भीतीने रडते, हे शिकवले नाही.

मित्रहो, आपल्या संस्थेतून दरवर्षी परिचारिका, शिक्षक, डॉक्टर, कारकून बाहेर पडतात. त्यांना सर्व धर्मांचे माणूस भेटणार आहे. आपल्या श्रद्धेवर ठाम राहून दुसऱ्याची श्रद्धा नीट जाणून घेणे, यात आपले काहीच उणे होत नाही. बालक जन्मतः निर्मळ असते, असे आपण मानतो आणि मानत राहू. ते ईश्वराच्या दयेत आहे, असे आज ती ख्रिस्ती आईही म्हणू शकते. कारणे वेगळी असली, तरी दोघांचीही दृष्टी शेवटी त्याच्या रहमतीकडेच लागलेली आहे.

ती मुलगी कामावर परतली. जाताना म्हणाली, "सर, यापुढे आजीला बाहेर बसवणार नाही." माझ्या व्याख्यानाचे सार तिने एका वाक्यात सांगितले आहे.