पोराला एकटं कधी सोडावं?

मंडळी, गणपतीच्या दिवसांत एसटी स्टँडावर केवढी गर्दी! अशाच एका स्टँडावर माझा सात वर्षांचा नातू म्हणाला, “आजोबा, संडासात मी एकटाच जातो.” मी सोडला. आतली कडी त्याला निघेना. तो आत रडतोय, बाहेर मी घामाघूम. चूक माझीच. मी वय पाहिलं, कडी पाहिली नाही.

मग घरी कडी उघडायला शिकवलं. नाडी बांधायला शिकवलं. कुणी नको तिथं हात लावला तर ओरडून बाहेर पळायचं, हेही सांगितलं. मुलग्याला कसली भीती, असं म्हणू नका. २०१२ चा बालसंरक्षणाचा कायदा मुलगा-मुलगी दोघांसाठी आहे. मुलांच्या मदतीचा फोन १०९८, तो फुकट लागतो.

आता नातू आत जातो, मी दाराशी थांबतो. तो हाक मारतो, मी ओ देतो.