तहकुबी आणि माफी

रायपूर शहरातून बिलासपूरकडे निघालेला रस्ता भनपुरीवरून जातो. ही कारखान्यांची वस्ती. लोखंड तापवणे, कापणे, घासणे, जोडणे ह्यांतच तेथील पुष्कळांचा दिवस सरतो. अशा ठिकाणच्या कारागिराचे सारे आयुष्य मापाशी बांधलेले असते. नकाशात लिहिलेली लांबी आणि हाती आलेल्या तुकड्याची लांबी तंतोतंत कधीच जुळत नाही, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. म्हणूनच नकाशा काढणारा जाणता मनुष्य मापाशेजारी सूटही लिहून ठेवतो. इतके कमी चालेल, इतके जास्त चालेल. त्या सुटीत बसला तो तुकडा कामाचा, बाहेर गेला तो भंगाराचा. ह्या सुटीवाचून जगातील एकही यंत्र उभे राहिलेले नाही.

माणसाच्या आचरणालाही आपण अशीच सूट देत असतो. माणूस म्हटला की चुकायचाच, असे म्हणून संसाराचा गाडा पुढे ढकलावा लागतो आणि त्यात गैर काही नाही. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायाच्या अखेरीस येशू ख्रिस्ताने एक माप घालून दिले आहे आणि त्याच्या शेजारी सुटीचा आकडाच नाही. स्वर्गातील पिता जसा परिपूर्ण आहे, तसे त्याच्या लेकरांनी परिपूर्ण व्हावे, असे तेथे सांगितले आहे. ही आज्ञा ऐकून कोणाही प्रामाणिक मनुष्याची छाती दडपावी. जे साधणार नाही ते मागण्यात अर्थ काय? आणि मागणारा दयाळू असेल, तर त्याने असे का मागावे?

हा प्रश्न एका मराठी कवीपुढे उभा राहिला तो भनपुरीपासून फारशा दूर नसलेल्या लोहमार्गावर. रायपूरच्या पश्चिमेस, नागपूरच्या वाटेवर, राजनांदगाव आहे. इंग्रजी अमलात ते एका लहान संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. काव्याच्या गोष्टी निघाल्या आणि त्यांतून धर्माच्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत अर्थातच पटले नाही. तथापि वाचण्याचे वचन दिलेले होते. हातात पेन्सिल घेऊन, महत्त्वाच्या जागी खुणा करीत, ते वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. हे प्रवचन ज्या अध्यायात आरंभ पावते, त्याच्याच शेवटी परिपूर्णतेची ही आज्ञा आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

ह्या आज्ञेचा अर्थ नीट लावावयाचा तर तिच्या आधीच्या ओळींकडे पाहिले पाहिजे. तेथे शत्रूवर प्रेम करावे, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, असा उपदेश आहे. दृष्टान्त आहे तो सूर्याचा आणि पावसाचा. देवाचा सूर्य दुष्टांवर आणि सज्जनांवर सारखाच उगवतो, त्याचा पाऊस न्यायी मनुष्याचे शेत आणि अन्यायी मनुष्याचे शेत असा भेद करीत नाही. मूळ ग्रीक शुभवर्तमानात येथे जो शब्द आहे, त्याचा आशय ‘निष्कलंक’ ह्यापेक्षा ‘पूर्णत्वास पोहोचलेला’, ‘परिपक्व’ असा अधिक आहे. फळ पिकते तेव्हा त्याच्या सालीवर डाग असू शकतो, परंतु ते कच्चे उरत नाही. लूकने हाच उपदेश नोंदवताना परिपूर्ण ह्या शब्दाच्या जागी दयाळू असाच शब्द योजला आहे. तेव्हा मागणी आहे ती डाग नसण्याची नव्हे, तर दया अर्धवट न ठेवण्याची. एवढे कळल्याने आज्ञा सोपी होते काय? मुळीच नाही. उलट ती अधिकच कठीण होते. डाग धुता येतो, पण शत्रूविषयीचा कडवटपणा कोणत्या पाण्याने धुवावा?

धुण्याचा विषय निघाला की लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९३४ सालापासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ह्या ग्रंथात त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या घरातील एका वडीलधाऱ्यास फाशी झाली आणि त्या आघातानंतर वडिलांच्या मनात विटाळाच्या भयाने घर केले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावयाची, हा नेम मिठापर्यंत जाऊन पोहोचला. वाचणाऱ्यास हसू येते आणि त्याच क्षणी पोटात कालवतेही. कारण मीठ धुतले की मीठच उरत नाही. स्वतःच्या प्रयत्नाने निर्मळ होऊ पाहणाऱ्या मनाचे हेच दुःख आहे. ते इतके धूत राहते की ज्यासाठी शुद्धी हवी होती, ते जीवनच पाण्याबरोबर वाहून जाते. घरातील माणसे भयाने जगू लागतात आणि निर्मळपणा कधी पुरा झाला, असे काही वाटत नाही.

लक्ष्मीबाई ह्या घरात वाढल्या आणि टिळकांच्या घरी आल्या. तेथे दुर्बलतेचा निराळाच प्रकार त्यांनी पाहिला. टिळक मनाचे अत्यंत उदार, परंतु शीघ्रकोपी. हाती पैसा आला की तो दुसऱ्यास देऊन मोकळे होणारे, आणि मनात आले की घरी सांगितल्यावाचून दूर निघून जाणारे. पतीचे हे सारे गुणदोष लक्ष्मीबाईंनी लपविले नाहीत. स्वतःचा अडाणीपणा आणि हट्टही लपविला नाही. संतचरित्रे वाचून ज्यांना केवळ गुणगान ऐकण्याची सवय झाली आहे, त्यांना हा ग्रंथ चकित करतो. येथे एक थोर मनुष्य आहे आणि त्याचे दोष त्याच्या थोरपणाच्या शेजारीच बसलेले आहेत.

टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. चार-पाच वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. त्यांतील काही काळ त्यांनी पंढरपुरात काढला. पुढे दोघे पुन्हा एकत्र आली, पण लक्ष्मीबाईंचे सोवळे आणि त्यांचा धर्म त्यांच्यापाशीच होता. येथे टिळकांचे वर्तन लक्षात घेण्याजोगे आहे. क्षुल्लक गोष्टींवरून तापणारा हा मनुष्य ह्या सर्वांत मोठ्या गोष्टीत पत्नीवर जबरदस्ती करीत नाही. तिची वेगळी चूल, तिचे वेगळे पाणी तो चालू देतो. लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेद गळून पडला तो कोणी ओढून काढला म्हणून नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या विचारांती. माणसे देवाने केली आणि भेद माणसांनी केले, हे त्यांना एकदा उमगले आणि मग कोणाच्याही हातचे खाणेपिणे त्यांना वर्ज्य राहिले नाही. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

मग टिळकांचा स्वभाव पालटला काय? बाप्तिस्म्याच्या पाण्याने त्यांचा कोप धुऊन निघाला, असे लक्ष्मीबाई लिहीत नाहीत. कृपा म्हणजे स्वभावाची जादू नव्हे, हे ह्यावरून ध्यानात येते. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपल्या देहातील एका काट्याचा उल्लेख केला आहे. तो काटा कोणता, हे त्याने सांगितलेले नाही. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळाले ते असे की, त्याला कृपा पुरेशी आहे आणि देवाचे सामर्थ्य दुर्बलतेतच पूर्णतेस येते. पूर्णता ह्या शब्दाचा हा वापर विलक्षण आहे. पूर्ण होते ते देवाचे सामर्थ्य, आणि ते होते माणसाच्या उणिवेच्या जागी.

ह्याच मुद्द्यावर इसवी सनाच्या पाचव्या शतकात मोठा वाद झाला. पेलागियस नावाच्या तपस्व्याचे म्हणणे असे की, देवाने माणसाला इच्छाशक्ती दिली आहे, तेव्हा मनावर घेतले तर तो आज्ञा पाळू शकतो. ऑगस्टीनने उत्तर दिले की, इच्छाच जेथे आजारी आहे तेथे इच्छेच्या बळावर बरे कसे व्हावे? देवाने जे करावयास सांगितले, ते करण्याची शक्तीही त्यानेच द्यावी, अशी त्याची प्रार्थना होती. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसचे मत अमान्य केले. मराठी मनाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. दक्षिणेतील वैष्णवांनी वानराच्या पिलाचा आणि मांजराच्या पिलाचा दृष्टान्त घेऊन हाच प्रश्न चर्चिला आहे. वानराचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, मांजराच्या पिलाला आईच तोंडात धरून नेते. आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे खुद्द टिळक म्हणत. संतांच्या अंगणात वाढलेल्या ह्या माणसाला कृपा हा शब्द नवीन नव्हता.

परंतु येथे एक धोका आहे. सारे काही कृपेनेच व्हावयाचे असेल, तर माणसाने हातपाय हलवावेत कशाला? जर्मनीतील धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर ह्याने डोंगरावरील प्रवचनावर लिहिलेला आपला ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध केला आणि अशा समजुतीला ‘स्वस्त कृपा’ असे नाव दिले. पश्चात्तापावाचून क्षमा आणि अनुसरणावाचून समाधान, हे तिचे स्वरूप. खरी कृपा फुकट मिळते, तरी ती माणसाचे सर्वस्व मागते, असे त्याने प्रतिपादिले. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आली.

ह्या दोन टोकांमधील वाट येशूच्या एका दृष्टान्तात स्पष्ट दिसते. तो समजण्यासाठी जमीनमहसुलाच्या दप्तरातील दोन जुने शब्द फार उपयोगी पडतात. पीक बुडाले की शेतकऱ्याला कधी तहकुबी मिळते, कधी माफी. तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणे. देणे कायम, मुदत तेवढी वाढली. माफी म्हणजे देणेच रद्द. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एका चाकराकडे राजाचे दहा हजार तालांत देणे निघते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर हे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे कर्ज झाले. तो चाकर राजाच्या पाया पडून काय मागतो? मुदत. मला वागवून घ्या, मी सारे फेडीन, अशा अर्थाचे तो बोलतो. म्हणजे तो मागतो तहकुबी आणि राजा देतो माफी. बाहेर पडताच त्याला शंभर दिनार देणे असलेला एक सोबती भेटतो आणि हा त्याची मानगूट धरतो.

ह्या चाकराची चूक केवळ निर्दयपणाची नाही. आपल्याला माफी मिळाली, हे त्याला उमगलेलेच नाही. आपण अजून ऋणकोच आहोत, पै पै गोळा करून एक दिवस ते देणे फेडावयाचे आहे, ह्याच समजुतीत तो राजवाड्याच्या पायऱ्या उतरला. परिपूर्ण होण्याचा हिशेब मांडून बसलेला मनुष्य नेमका असाच असतो. तो देवाजवळ मुदत मागत राहतो: आणखी थोडा वेळ द्या, मी सुधारून दाखवतो. आणि स्वतःला मुदत मागणारा मनुष्य दुसऱ्याकडून रोकड वसूल करतो. ज्याला माफी उमगली, त्याचा हात मात्र आपोआप सैल पडतो. पाऊस जसा शेताची पत पाहत नाही, तसा तोही पाहत नाही. परिपूर्णतेच्या आज्ञेचे पालन सुरू होते ते येथे.

टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोघांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून तेथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य थोडेच लिहून झाले होते. ते पुढे चालविले लक्ष्मीबाईंनी. ज्यांना शाळेचे शिक्षण नव्हते, ज्यांचे मन एके काळी ह्याच नावाने दुखावले होते, त्यांनी आपल्या पतीचे अपुरे काव्य हाती घेऊन त्याचा फार मोठा भाग रचला.

ह्या दांपत्याच्या चरित्राचे तात्पर्य शोधावयाचे तर ते येथेच सापडेल. कोपिष्ट पतीच्या उणिवा पत्नीने पुसून टाकल्या नाहीत, धुऊन काढल्या नाहीत. त्या तिने जशाच्या तशा लिहून ठेवल्या आणि त्याचे अर्धे राहिलेले काम पुरे करावयास बसली. माणूस पूर्ण होतो तो बहुधा असाच, दुसऱ्याच्या हाताने. आणि ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की, त्या दुसऱ्या हातामागे आणखी एक हात असतो. भनपुरीच्या कारखान्यात सुटीबाहेर गेलेला तुकडा भंगाराच्या ढिगावर पडतो. पण तेथेही गोष्ट संपत नाही. भंगार पुन्हा भट्टीत जाते आणि त्याच लोखंडाला नवा आकार येतो. भट्टीची धग लोखंडाने निर्माण केलेली नसते. त्याने फक्त तीत उतरावयाचे असते.