एक वांगें, तीन नांवें

लंडनच्या बाजारांत जी भाजी 'ओबर्जीन' म्हणून मिळते, ती अमेरिकेंत व ऑस्ट्रेलियांत 'एगप्लँट' या नांवानें मागावी लागते. आणि भारतांत वा दक्षिण आफ्रिकेंत इंग्रजी बोलणारा गृहस्थ तिलाच 'ब्रिंजल' म्हणतो. भाषा एक, वांगें एक, नांवें मात्र तीन!

'एगप्लँट' हें नांव १८ व्या शतकांत अंड्यासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या वांग्यांवरून पडलें, आणि पुढें जांभळ्या वांग्यांनाही चिकटलें. उरलेलीं दोन नांवें मात्र सख्खीं भावंडें आहेत. संस्कृतांतील 'वातिंगण' या शब्दाशीं नातें सांगणारा फारसी शब्द अरबींत गेला. तेथून त्याची एक शाखा स्पेनमधील कॅटलन भाषेंतून फ्रेंचांकडे जाऊन 'ओबर्जीन' झाली; दुसरी पोर्तुगीज गलबतांबरोबर भारतांत येऊन 'ब्रिंजल' या रूपानें इंग्रजींत शिरली. म्हणजे शब्द जग हिंडून वेष पालटून मायदेशीं परतला!

परंतु असा भेद नेहमींच निरुपद्रवी नसतो. 'कॉर्नफ्लोअर' म्हणजे ब्रिटनमध्यें, आणि भारतांतही, मक्याचें शुभ्र सत्त्व. अमेरिकेंत तें दळलेल्या मक्याचें पीठ, आणि सत्त्वाला तेथें 'कॉर्नस्टार्च' म्हणतात. अमेरिकन कृति वाचून मुंबईच्या गृहिणीनें पिठाऐवजीं सत्त्व वापरलें, तर पदार्थ फसलाच म्हणावयाचा.

तेव्हां कोणाचें इंग्रजी शुद्ध, हा वाद घालण्यापेक्षां शब्द कोणत्या देशाच्या स्वयंपाकघरांतून आला, हें आधीं विचारावें. त्यांत ज्ञान आहे आणि जेवणाचें रक्षणही आहे.