रबरात गंधक किती घालावे?



आपल्या वडोदऱ्यात पॉलिब्यूटाडाइन हे कृत्रिम रबर तयार होते. टायरच्या बाजूच्या भिंतीसाठी ते नैसर्गिक रबरात मिसळतात. कच्चे रबर उन्हाने चिकट होते. गंधक घालून तापविले म्हणजे त्याच्या रेणुसाखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात. या व्हल्कनीकरणाचा शोध चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये लावला.

गंधक अधिक म्हणजे रबर मजबूत, हा समज चुकीचा आहे. १०० भाग नैसर्गिक रबरास सुमारे अडीच भाग गंधक आणि क्रियेचा वेग वाढविणारे रसायन, म्हणजे त्वरक, अर्धा ते एक भाग घेतल्यास पूल लांब होतात. असे रबर वारंवार वाकूनही लवकर तडकत नाही. मात्र सतत तापल्यास हे पूल तुटतात. गंधक अर्ध्या भागावर आणून त्वरक वाढविल्यास पूल आखूड होतात व उष्णता सोसतात, पण वाकणे तितके सोसत नाहीत. म्हणून टायरच्या भिंतीस पहिले प्रमाण, तर इंजिनाजवळच्या वॉशरास दुसरे योग्य.

या दुसऱ्या प्रकारात टीएमटीडी हे त्वरक पुष्कळ वापरले गेले. त्यापासून कर्करोगास कारण ठरू शकणारे नायट्रोसअमाइन निर्माण होते. बाळाच्या दुधाच्या बाटलीच्या बोंडासाठी ते टाळावे आणि कारखान्यात भट्टीवरील धूर बाहेर काढणारे पंखे बंद ठेवू नयेत.