लेकीने घडवलेली आई

मंडळी, तुमच्यापैकी किती जणांपाशी आईचा तरुणपणचा फोटो आहे? फार थोडे हात वर झाले. माझ्यापाशीही नाही. आपल्याला आठवते ती आई कामाने वाकलेली, केस पिकलेली. लग्नाआधी ती कशी दिसत असेल, कुणाला ठाऊक!

आज अशाच एका मायलेकींची गोष्ट सांगतो. लेकीचे नाव लुईझ. तिची आई म्हणजे इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया. राणीचे नाव काढले की आपल्या कपाळाला आठी पडते, आणि ते बरोबरच आहे. मुंबईतल्या तिच्या संगमरवरी पुतळ्याला चाफेकर बंधूंनी १८९६ साली डांबर फासले होते. पण आज तिचे राज्य बाजूला ठेवू.

लुईझ १८४८ सालची. राजवाड्यातली मुलगी, पण तिला मातीत हात घालायची हौस. मेरी थॉर्नीक्रॉफ्ट नावाच्या बाई पुतळे घडवीत, त्यांच्यापाशी ती शिकली. पुढे राणीच्या राज्याला ५० वर्षे झाली, तेव्हा लंडनच्या केन्सिंग्टन भागातल्या लोकांनी राणीचा पुतळा उभारायचे ठरवले. तो लुईझने केला.

पुतळा एकदम दगडात होत नाही, बरं का. आधी ओल्या मातीत घडवतात. चुकले तर पुन्हा लिंपता येते. मग त्यावरून प्लॅस्टरचा नमुना काढतात आणि त्याची मापे घेऊन संगमरवर कोरतात. तिथे एक टवका जास्त उडाला, तर तो परत बसत नाही.

आता बघा. लुईझ १३ वर्षांची असताना, १८६१ साली, तिचे वडील वारले. त्या दिवसापासून राणीने अंगावरचे काळे कपडे मरेपर्यंत सोडले नाहीत. लेकीच्या डोळ्यांपुढे होती ती ही आई. पण दगडात तिने कोरली १८३७ सालची, नुकतीच गादीवर आलेली १८ वर्षांची मुलगी! डोक्यावर मुकुट, हातात राजदंड. तेव्हा लुईझ जन्माला यायला ११ वर्षे अवकाश होता. म्हणजे जी आई तिने कधी पाहिलीच नाही, ती तिने घडवली.

राणी ज्या राजवाड्यात जन्मली, त्याच्यासमोर २८ जून १८९३ रोजी हा पुतळा उघडला. राणी स्वतः आली होती. वय ७४. काळ्या कपड्यांतली म्हातारी खाली, आणि वर पांढऱ्याशुभ्र दगडात तीच, १८ वर्षांची.

पुतळ्याखाली अक्षरे कोरली आहेत. हे काम राणीच्या लेकीचे, असे त्यांत लिहिले आहे. लेकीचे नाव मात्र त्या ओळींत नाही.