इंग्रजी : वाचलेली आणि कळलेली

भोपाळच्या मराठी घरात वाढणारे मूल दिवसभरात तीन बोलींतून सहज ये-जा करते. घरी आजीशी मराठी, शाळेत हिंदी, आणि जुन्या शहरात पीरगेटकडे किंवा चौकात गेले की ‘को खाँ’ अशी हाक घालणारी तिथली खास उर्दूमिश्रित बोली. ही बाजारातली बोली तर त्याला कोणी शिकविलेलीच नसते. दुकानदार काय म्हणाला ते कळले नाही, तर मूल त्याच्या तोंडाकडे, हाताकडे, पुढ्यातल्या वस्तूकडे पाहते, पुन्हा विचारते आणि चार दिवसांत समजू लागते. हेच मूल आठ-दहा वर्षे इंग्रजी शिकते, परीक्षेत चांगले गुण मिळविते. परंतु भोपाळहून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या सांचीच्या स्तूपापाशी एखाद्या परदेशी प्रवाशाने साधा प्रश्न केला, की ते गप्प उभे राहते. शब्द ओळखीचे असतात, बोलणे मात्र परके वाटते. असे का व्हावे?

याचे उत्तर शोधताना भोपाळचाच थोडा इतिहास उपयोगी पडतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले व भोपाळ त्याची राजधानी ठरली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती नागपूर. साहजिकच नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतून पुष्कळ मराठी कुटुंबे बिऱ्हाड घेऊन येथे आली. ज्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर इंग्रजीचा पाया घातला, तिचे लेखी इंग्रजी मोठे नेटके असे. त्याच सुमारास ब्रिटनमधील असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या सहकार्याने भोपाळात हेवी इलेक्ट्रिकल्सचा प्रचंड कारखाना उभा राहू लागला. आता इंग्रजी केवळ फायलीत राहिली नाही. ती यंत्राशेजारी उभी राहून बोलू लागली. कागदावरची इंग्रजी वाचणाऱ्यासाठी थांबून राहते, तिच्यावर पुन्हा पुन्हा नजर फिरविता येते. बोललेली इंग्रजी कोणासाठी थांबत नाही. तिचे आकलन ही निराळी विद्या आहे, आणि तिचा सराव निराळाच करावा लागतो.

या विद्येत शब्दकोश थोड्या अंतरापर्यंतच सोबत करतो. पुढची वाट रीतीभातींची असते. मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्याचे शब्दशः इंग्रजी केले, तर ऐकणारा साहेब दारात उभा राहून त्याच्या येण्याची वाट पाहील. बांगडी फुटली तर आपल्याकडे ‘वाढवली’ म्हणतात. कोशातला अर्थ घेऊन बसणाऱ्या परकीयाला वाटेल, की हातात आणखी एक बांगडी आली. अशुभ शब्द तोंडातून काढू नये हा संस्कार ज्याला ठाऊक, त्यालाच ते वाक्य कळते.

इंग्रजीचेही असेच आहे. ‘हाउ डू यू डू’ म्हणणारा प्रकृतीची चौकशी करीत नसतो. आपला ‘काय, जेवण झाले का?’ हा प्रश्न जसा जेवणाविषयी नसतो, तसेच ते. ‘आय अ‍ॅम अफ्रेड आय कान्ट कम’ म्हणणारा कोणाला भ्यालेला नसतो, तो नम्रपणे नकार देत असतो. आपल्याकडे असा नकार ‘बघू, जमले तर येतो’ या शब्दांनी दिला जातो. नकारार्थी प्रश्नाची तर फारच गंमत होते. ‘चहा घेणार नाही ना?’ असे विचारले, की मराठी माणूस म्हणतो, ‘हो, नको.’ इंग्रजीत त्याच प्रश्नाला त्याने ‘येस’ म्हटले, की समोरचा आनंदाने चहाचा पेला भरतो! चूक व्याकरणाची नसते. दोन समाजांची होकार-नकाराची रीत वेगळी असते, एवढेच.

म्हणून इंग्रजी आकलनाचा सराव परक्या विषयापासून सुरू करणे हे उलटे चालणे होय. लंडनच्या धुक्यावरचा उतारा घेतला, की मुलाला धुकेही अनोळखी आणि भाषाही अनोळखी. उलट संक्रांतीचा तिळगूळ, ईदच्या दिवशी शेजारून आलेल्या शेवया, नाताळच्या करंज्या हे विषय घेतले, तर अर्थ आधीच हाताशी असतो. नवी असते ती केवळ भाषा. तिळगूळ देताना गोड बोलण्याची विनंती का करतात, हे एका मुलाने चार सोप्या इंग्रजी वाक्यांत सांगावे. दुसऱ्याने ते पुस्तक मिटून ऐकावे आणि एक तरी प्रश्न विचारावा. प्रश्न नेमका आला म्हणजे आकलन झाले. येथे पाठांतराचा उपयोग होत नाही, कारण समोरचा काय विचारील हे कोणत्याही मार्गदर्शकात छापलेले नसते.

आकलनाची दुसरी कसोटी कृतीची. एकाने रोशनपुरा चौकातून मोठ्या तलावाकडे जाण्याचा रस्ता इंग्रजीत सांगावा, दुसऱ्याने ऐकता ऐकता तो कागदावर काढावा. वळण चुकले, की कोणता शब्द निसटला ते दोघांनाही दिसते. शिक्षकाला लाल शाई वापरावी लागत नाही. आई पुरणपोळी करीत असता तिच्या कृतीचे टप्पे मुलीने इंग्रजीत सांगावेत आणि भावाने ते मराठीत आईला ऐकवावेत. डाळ शिजण्यापूर्वीच पुरण वाटले गेले, तर घरभर हशा पिकेल आणि ‘बिफोर’ व ‘आफ्टर’ यांतला फरक जन्मभर विसरला जाणार नाही. श्यामला टेकडीवरील मानव संग्रहालयात देशातील नाना जमातींची घरे उघड्यावर उभी केलेली आहेत, आणि तेथील फलकांवर हिंदीबरोबर इंग्रजीतही माहिती असते. नातवाने इंग्रजी फलक वाचून आजीला मराठीत सांगावे. आजी कुडाच्या भिंती, जाते, उखळ यांविषयी जे प्रश्न विचारील, त्यांची उत्तरे देता देता तो फलक खऱ्या अर्थाने वाचून होईल.

हा मार्ग नवा नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजाने उलट्या दिशेने हाच प्रवास केला. येथील लोकांची भाषा आणि त्यांच्या कानावर असलेली ओवी त्याने आत्मसात केली, आणि १६१६ साली त्याचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. लोकांच्या परंपरेत शिरल्यावाचून केवळ कोशाच्या बळावर एवढे काम झाले नसते. एका इंग्रजाला मराठीपर्यंत ज्या वाटेने येता आले, त्या वाटेने मराठी मुलाला इंग्रजीपर्यंत जाता येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

भाषा कळणे हा केवळ गुणांचा आणि नोकरीचा प्रश्न नाही, हे भोपाळला वेगळे सांगावे लागत नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला व हजारो माणसे प्राणास मुकली. त्या अनर्थाची कारणे अनेक होती. परंतु पुढे जे वृत्तांत प्रसिद्ध झाले त्यांत हेही नमूद आहे, की कारखान्यातील कार्यपद्धतीच्या पुस्तिका व सूचना इंग्रजीत होत्या, आणि कित्येक कामगारांना ती भाषा नीट समजत नव्हती. जिवाशी संबंध असलेली सूचना ऐकणाऱ्याच्या भाषेत देणे हे सूचना देणाऱ्याचे कर्तव्य आहे. हा दोष कामगाराच्या माथी मारता येणार नाही. मात्र, न कळलेल्या शब्दावर मान डोलावण्याची सवय किती घातक ठरू शकते, याची आठवण शिकविणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने सतत जागी ठेवली पाहिजे.

ही सवय वर्गात लागते. ‘समजले का?’ असे विचारताच सारा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो, आणि न कळलेला मुलगा त्या सुरात आपला सूर मिसळून लपतो. वडीलधाऱ्यांना उलट विचारू नये, हा आपला संस्कार त्याच्या मदतीला येतो. पण याच परंपरेत अर्जुन आपल्या सारथ्याला एकामागून एक शंका विचारतो आणि त्याच्या विचारण्यातूनच गीता पुढे सरकते. भोपाळच्या अदबीतही ऐकू आले नाही तर ‘जी?’ एवढ्या एका अक्षराने मान राखून पुन्हा विचारण्याची सोय आहे. इंग्रजीतले ‘पार्डन?’ हे त्याचेच भावंड.

तेव्हा इंग्रजीच्या पहिल्या धड्यात मुलाला दुसरे काही आले नाही तरी चालेल; ‘मला कळले नाही, कृपा करून पुन्हा सांगा’ हे एक वाक्य त्याला इंग्रजीत निःसंकोच म्हणता आले पाहिजे. ते ज्याला म्हणता येते, त्याला बाकीची इंग्रजी बाजारात, प्रवासात आणि कामाच्या जागी भेटणारी माणसेच शिकवितात.