बॅटरीतला पाट



टॉर्चचा साधा सेल फोडला की मधोमध काळी कांडी निघते. आमच्या कागलच्या पोरांनी तिने किती भिंती रंगवल्या असतील, देव जाणे! ही कर्बाची कांडी वीज साठवीत नाही, तयारही करीत नाही. भोवतीच्या भुकटीत चाललेल्या रासायनिक क्रियेची वीज बाहेरच्या तारेपर्यंत पोहोचवायची, एवढेच तिचे काम. दूधगंगेचे पाणी पाटाने शेतात येते. पाट स्वतः पीक देत नाही, पण पाटावाचून पीकही नाही. तसेच हे.

आता पाठीवरचा फवारणी पंप घ्या. त्यात शिशाची बॅटरी असेल, तर हा पाट म्हणजे शिशाची जाळी. लिथियमची असेल, तर धन बाजूला ॲल्युमिनियमचा आणि ऋण बाजूला तांब्याचा, कागदाहूनही पातळ असा पत्रा. तांबे पाण्याच्या जवळजवळ नऊ पट जड! ते ओझे दिवसभर वाहायचे शेतकऱ्याने, आणि साठ्यात त्याची भर कवडीची नाही. बरे, तेथेही ॲल्युमिनियम घालावे, तर लिथियम त्यात शिरतो आणि पत्र्याचा भुगा होतो.

म्हणून संशोधक पुन्हा कर्बाकडे वळले. १९९१ साली जपानचे सुमिओ इजिमा यांनी कर्बाच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे, म्हणजे नॅनोट्यूबचे, वर्णन प्रसिद्ध केले. एकेक नळी वीज उत्तम वाहते. नळ्यांचा पत्रा तांब्याहून पुष्कळ हलका. मग अडले कोठे? सांध्यांत. नळ्या आखूड, त्यामुळे एकीतून दुसरीत जाताना वीज अडखळते आणि सबंध पत्रा तांब्याच्या कितीतरी मागे पडतो. यावर उपाय म्हणजे नळ्या उसाच्या मोळीसारख्या एका दिशेने लावणे, घट्ट दाबणे, घडणीत राहिलेले लोखंडाचे कण आम्लाने धुऊन काढणे.

दुसरी अडचण आपल्या शेतकरी बंधूंना लगेच कळेल. कोरडा पाट पहिले पाणी स्वतःच पितो. नळ्यांचा पृष्ठभाग अफाट, त्यामुळे पहिल्या चार्जिंगलाच बराच लिथियम त्यावर अडकतो व परत मिळत नाही. तो पृष्ठभाग झाकावा कसा, आणि असा पत्रा धातूच्या टोकाला पक्का जोडावा कसा, यावर अजून खल चालू आहे. किंमतही अद्याप तांब्याच्या पुढेच आहे.

गुरुजनांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. मऊ पेन्सिलीतली काळी कांडी काढा. तिला आपण शिसे म्हणतो, पण ते असते कर्ब आणि चिकणमाती. दोन सेल आणि पांढरा एलईडी दिवा यांच्या वाटेत ती जोडली, की दिवा लागतो. आता तिचीच भुकटी करून आखूड स्ट्रॉमध्ये सैल भरा. दिवा मंदावेल, कदाचित विझेल. दोन्हीकडून खिळ्यांनी भुकटी दाबत चला आणि दिव्याकडे मुलांना पाहू द्या.